प्लुटो अडला कुठं?

प्रश्न : आम्ही नऊ ग्रह शिकवले, नातवाच्या पुस्तकात आठच आहेत. प्लुटोला का काढलं? (निवृत्त शिक्षिका, निपाणी)

बाई, प्लुटो होता तिथंच आहे. बदलली ती व्याख्या, आणि तिला निमित्त झालं एरिस नावाच्या दूरच्या एका गोलाचं. १९३० साली सापडलेला प्लुटो ७६ वर्षं ग्रह म्हणून नांदला. २००५ साली एरिस सापडला. आकारानं जवळपास प्लुटोएवढा, वस्तुमानानं सुमारे २७ टक्के जास्त. मग त्याला दहावा ग्रह म्हणायचं का? आणि पुढं असेच आणखी सापडले तर? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं याचा निकाल लावला. ग्रहानं सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल होण्याइतकं त्याचं वस्तुमान असावं, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्यानं मोकळा केलेला असावा. प्लुटो तिसऱ्या अटीत अडला आणि बटुग्रह ठरला.

या अटीची शब्दरचना ढिली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मोकळा म्हणजे किती मोकळा? गुरूच्या कक्षेत तर हजारो लघुग्रह आहेत. पण त्यामागचा मुद्दा पक्का आहे. पृथ्वीचं वस्तुमान तिच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्या ऐवजाच्या सुमारे १७ लाख पट भरतं. प्लुटोचं त्याच्या पट्ट्यातल्या बाकीच्यांच्या दहाव्या हिश्शाएवढंही भरत नाही. आठ नावं पाठ करून घेण्याआधी नातवाला हा फरक जरूर सांगा.

प्रश्न : म्हणजे पत्रिकेतले नवग्रहही बदलले? (बेळगाव)

नाही. त्या यादीत प्लुटो कधी नव्हताच. तिथं रवी, चंद्र, राहू, केतू आहेत. ती मोजणीच वेगळी आहे.

प्रश्न : सर, गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे. मग तो ग्रह का नाही? (दहावीची विद्यार्थिनी, खानापूर)

तुझं बरोबर आहे. गॅनिमीडचा व्यास सुमारे ५,२६८ किलोमीटर, बुधाचा ४,८८०. पण कोण कुणाभोवती फिरतं, हे आधी बघतात. गॅनिमीड गुरूभोवती फिरतो, म्हणून तो उपग्रह. हे तू स्वतः बघू शकतेस. दहापट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर टेकवून गुरूकडे रोख. हात हलला तर काही दिसणार नाही. गुरूच्या बाजूला एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, कधी चार, कधी तीनच. हे गुरूचे मोठे उपग्रह, गॅनिमीड त्यांतलाच एक. वहीत त्यांच्या जागा काढ. दुसऱ्या रात्री बघशील तर मांडणी बदललेली असेल. गॅलिलिओनं १६१० साली हेच टिपलं होतं.

प्रश्न : शॅरन प्लुटोचा चंद्र की जोडीदार? (चिकोडी)

अधिकृतपणे उपग्रह. पण त्याचा व्यास प्लुटोच्या निम्म्याहून थोडा जास्तच आहे, आणि दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो प्लुटोच्या बाहेर, मधल्या पोकळीत पडतो. फुगडी घालणाऱ्या दोघींसारखं. पृथ्वी आणि चंद्राचा असा बिंदू पृथ्वीच्या पोटातच असतो. या दोघांना जोड-बटुग्रह म्हणावं, असं मला वाटतं.

प्रश्न : आपल्याकडून एखादा बटुग्रह दिसेल का? (जांबोटी)

प्लुटोला मोठी दुर्बीण लागते. सेरेस मात्र पृथ्वीजवळ असताना, अंधाऱ्या रात्री, हातातल्या दुर्बिणीतूनही सापडतो. हा १८०१ साली सापडला, काही दशकं ग्रह म्हणून मोजला गेला, मग लघुग्रह आणि २००६ पासून बटुग्रह. तो ताऱ्यासारखाच दिसतो. म्हणून नकाशावरून जागा शोधा, आजूबाजूचे तारे कागदावर काढा आणि तीन-चार रात्रींनी पडताळून बघा. जो ठिपका सरकला, तो सेरेस.