घर जळितात गेलं. जमीन कशात गेली?

प्रश्न : आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आजोबा म्हणायचे, ‘अठ्ठेचाळीसच्या जळितात घर, जमीन सगळं गेलं.’ पुढे काही विचारलं की उठून जायचे. आता ते नाहीत. गांधीजींचा खून दिल्लीत झाला, त्यात आमच्या घराचा काय संबंध? आणि जमीन जळून कशी जाईल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमिनीचा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. निम्म्या घरांत तो कुणी विचारतच नाही.

पण आधी घराचं. ३० जानेवारी १९४८ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास बिर्ला भवनात गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी मुसलमान असल्याची अफवा उठली तर कत्तली होतील, या धास्तीने तो हिंदू असल्याचं रेडिओवरून मुद्दाम सांगितलं गेलं. तो अनर्थ टळला. मग नाव कळलं, नथुराम गोडसे, पुण्याकडचा ब्राह्मण, आणि आपल्याकडे आडनावं बघून ब्राह्मणांची घरं पेटायला लागली. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव दगडांनी रक्तबंबाळ झाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. सातारा, सांगलीकडे तर खेडोपाडी हेच. पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात पंजाबी निर्वासित मदनलाल पाहवा, सोलापूरकडचा शंकर किस्तय्या असे आरोपीही उभे राहिले, पण तोवर वाडे जळून गेले होते.

नुसत्या शोकाने एवढं पेटत नाही. सावकारी, कुलकर्णी वतनं, ब्राह्मणेतर चळवळीत बोलून दाखवलेला राग, असं बरंच साचलेलं होतं. घराआधी कर्जाच्या वह्या ओढून जाळल्या, असं मी वडिलांकडून ऐकलंय. शेजारच्या पाटलाच्या घरात कणगीमागे लपवलेल्या बायकापोरांचंही तेच सांगायचे. गोडसेशी काडीचाही संबंध नसलेल्यांनी हे सोसलं, हे स्वच्छ म्हणायला हवं. मात्र या जळिताची ढाल करून खुनाचं समर्थन करणारी पत्रं मला येतात, ती मी छापत नाही.

आता जमीन. ती बहुधा जळितात गेलेली नाही. घर जळल्यावर माणसं पुण्या-मुंबईला आली, शेत कुळाकडे राहिलं. त्याच १९४८ साली मुंबई राज्याचा कुळकायदा झाला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, कसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची, कुळाने ती हप्त्याने भरायची. म्हणजे दोन घटनांमध्ये नऊ वर्षं आहेत, पण घरोघरच्या आठवणीत त्यांची एकच आग झाली आहे. एक गुन्हा होता, दुसरा कायदा. मला विचाराल तर न्याय्य कायदा. कोथरूडला हे रुचणार नाही, ठाऊक आहे.

खात्री करायची तर गट नंबर घेऊन तहसील कार्यालयात जा, जुने सातबारा आणि फेरफार मागा. नोंदीत ‘३२ ग’ (कुळकायद्यातलं किंमत ठरवण्याचं कलम) दिसलं की समजा, जमीन कुळकायद्यात गेली. खातेदार तेव्हा विधवा किंवा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल, तर कुळाच्या खरेदीची तारीख पुढे ढकललेली असू शकते. तुमचे आजोबा तेव्हा किती वर्षांचे होते, ते आधी काढा. आणि कुळाच्या नातवंडांना भेटा. जळिताच्या रात्रीचं त्यांच्या घरात काही वेगळंच सांगत असतील.

प्रश्न : गोडसेला फाशी देऊ नये, असं गांधीजींच्या मुलांनीच म्हटलं होतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : हो. मणिलाल आणि रामदास या दोघांनी तशी विनंती केली होती. सरकारने ती मानली नाही. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली.