अमेरिकेतले कॉलेज स्की संघ बर्फ नसताना सराव कसा करतात?

क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे स्कीवर लांब अंतर कापणारे संघ मुख्यतः रोलर-स्कीवर (चाकं लावलेल्या छोट्या स्कीवर) आणि डोंगरात पळून. प्रत्यक्ष बर्फ बहुतेक संघांच्या वाट्याला नोव्हेंबरआधी येत नाही. क्रॉस-कंट्रीत कसोटी लागते ती दमाची, आणि दम वाढवायला बर्फच हवा असं नाही. म्हणून डार्टमथ, मिडलबरी, व्हरमाँट विद्यापीठ अशा ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरचे बहुतेक तास गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगात जातात. जोर लावायचा तो आठवड्यातून एक-दोनदा:

- काठ्या हातात घेऊन चढावर उड्या मारत धावणं
- रोलर-स्कीवर पायांनी न रेटता, दोन्ही काठ्या एकदम रेटत चढ चढणं (स्की म्हणजे पायांचा खेळ हा समज इथे मोडतो, दंड आणि पोट आधी बोंबलतात)

जोडीला जिममध्ये वजनं. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) सुमारास बरेच संघ मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोनला, सुमारे २,००० मीटर उंचीवर, बर्फ गाठतात. व्हरमाँट राज्यातल्या क्राफ्ट्सबरी गावात तर यंत्राने बनवलेला बर्फ लाकडाच्या चिपांखाली उन्हाळाभर जपून नोव्हेंबरात ट्रॅकवर पसरण्याचा उद्योगही झालाय.

मात्र रोलर-स्कीवर सगळं भागत नाही. डांबरावर ती सरळ, स्थिर धावते. बर्फावर स्की घसरते, तोल वेगळा लागतो. त्यामुळे बर्फावरचे पहिले काही दिवस वेग मुद्दाम कमी ठेवतात. तशी घाईही नसते, कारण एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची) अंतिम स्पर्धा थेट मार्चमध्ये असते.