मन खंबीर नको, क्वांटिटी लहान हवी
(शेअर बाजार : वाचकांच्या शंका)

प्रश्न : स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीला पडला की विकून तोटा थांबवणारी ऑर्डर) लावते, पण भाव जवळ आला की हात शिवशिवतो आणि ऑर्डर खाली सरकवते. नफा मात्र पाचशे रुपये दिसले की घेऊन मोकळी होते. भांडवल २ लाख. मन खंबीर कसं करावं? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तुम्ही एकट्या नाही. नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच रकमेच्या तोट्याचं दुःख साधारण दुपटीनं लागतं, असं काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून पुढे आलं. त्यांचा मूळ सिद्धान्त १९७९चा. नफ्यातला शेअर घाईनं विकायचा आणि तोट्यातला कवटाळून बसायचा, या खोडीला शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५मध्ये नावही दिलं. तोटा ‘बुक’ करणं म्हणजे आपण चुकलो हे कबूल करणं. ते टाळायला मन काहीही सबबी शोधतं.

आता हिशेब. दहापैकी सात सौदे जिंकून प्रत्येकी ५०० मिळाले, तर ३,५००. उरलेल्या तिघांत स्टॉप सरकवत सरकवत प्रत्येकी २,००० गेले, तर ६,०००. सत्तर टक्के वेळा बरोबर असूनही अडीच हजारांचा खड्डा, आणि त्यावर ब्रोकरेज नि कर वेगळे.

यावर ‘खंबीर मन’ हा उपाय नाही. क्वांटिटी, म्हणजे किती शेअर घ्यायचे ते, उलट बाजूनं काढा. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्का, म्हणजे २,००० रुपयेच जाऊ द्यायचे हे आधी ठरवा. समजा शेअर ४८०ला घेतला आणि चार्टवरचा आधार (भाव जिथून सावरत आलाय ती पातळी) तुटतो तिथे, ४६८ला, स्टॉप आहे. फरक १२ रुपये. २,००० भागिले १२ म्हणजे १६६. खर्च धरून १६० घ्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. इंट्राडेचं मार्जिन (त्याच दिवशी संपवायच्या सौद्यासाठी थोड्या पैशांत जास्त शेअर घ्यायची ब्रोकरची सवलत) मिळतंय म्हणून ५०० शेअर उचलतात. मग तोच १२ रुपयांचा स्टॉप ६,००० रुपयांचा होतो आणि साहजिकच हात थरथरतो. इथे मनाला दोष देण्यात अर्थ नाही, आकडा मोठा आहे. १६० शेअर असूनही स्टॉप सरकवावासा वाटला, तर अर्धा टक्का करा, ८० घ्या. ऑर्डर न छेडता बसता येईल तो तुमचा आकडा.

नियम एकच : स्टॉप फक्त नफ्याच्या दिशेनं सरकतो. नफ्याच्या बाजूला, भाव १२ रुपये वर, ४९२ला गेला की अर्धे विकून उरलेल्यांचा स्टॉप खरेदीच्या भावावर आणा. गणितानं हा सर्वोत्तम मार्ग नाही, मोठी चाल आली तर अर्धीच हाती लागते. पण पाचशेवर पळण्याची सवय मोडायला उपयोगी पडतो.

एक तांत्रिक गोष्ट. ‘एसएल’ (स्टॉपलॉस) ऑर्डरमध्ये ट्रिगर (ऑर्डर जागी होते तो भाव) ४६८ आणि लिमिट (त्याखाली विकायचं नाही तो भाव) ४६७ टाकली आणि भाव उडी मारून थेट ४६५वर आला, तर ऑर्डर तशीच लटकते. एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) शेअरसाठी ‘एसएल-एम’ (लिमिट नसलेली स्टॉपलॉस ऑर्डर) बरी. मिळेल त्या भावात सुटका होते. ऑप्शन्सना (ठरलेल्या भावानं खरेदी-विक्रीचा हक्क देणारे, मुदतीचे करार) ती सोय नाही, तिथे ट्रिगर आणि लिमिटमध्ये ऐसपैस अंतर ठेवा.

प्रश्न : सकाळी तोटा झाला की दुप्पट लॉट (ऑप्शन्सचे ठरावीक संख्येचे गठ्ठे) घेऊन दुपारपर्यंत भरून काढतो. बऱ्याचदा जमतं, पण गेल्या महिन्यात एक्सपायरीच्या (करारांची मुदत संपण्याच्या) एका दिवसात सगळं गेलं. – राजेंद्रनगर

उत्तर : ‘बऱ्याचदा जमतं’ हीच गोम आहे. पहिला तोटा २,०००, मग ४, ८, १६, ३२ हजार. सलग पाच सौदे फसले की ६२,००० गेले, म्हणजे २ लाखांतले ३१ टक्के. सलग पाच फसणं अघटित वाटतं. पण दहापैकी चार सौदे जिंकणाऱ्या पद्धतीत शंभर सौद्यांत असा पाचाचा पट्टा एकदा तरी येणार, हे जवळपास ठरलेलंच. दरवेळी १ टक्काच लावला असता, तर त्याच पाच फटक्यांत ५ टक्क्यांच्या आत भागलं असतं. आणि ३१ टक्के गेल्यावर मूळ पदावर यायला ४५ टक्के कमवावे लागतात.

एक्सपायरीला आणखी एक गोष्ट विरोधात असते : वेळ. विकत घेतलेल्या ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत, दुपारी झपाट्यानं विरघळतो. दिशा बरोबर आली तरी चाल उशिरा आली की पैसे जातात. तोटा भरून काढायला यापेक्षा वाईट जागा नाही.

दिवसाची मर्यादा सकाळी बाजार उघडायच्या, सव्वानऊच्या आत लिहा : दोन तोटे किंवा भांडवलाचे २ टक्के, जे आधी होईल ते. मर्यादा गाठली की ‘किल स्विच’ दाबा. बऱ्याच ब्रोकर ॲपमध्ये तो असतो आणि काही तासांसाठी सेगमेंट (सौद्यांचा तो विभाग) बंद करतो. संयमाच्या भरवशावर राहू नका. दुपारी दोनला तो कुणाकडेच नसतो. आणि रात्री इंदूरच्या सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद) खाताना गिफ्ट निफ्टी (गिफ्ट सिटीतल्या बाजारातले निफ्टीचे सौदे) बघणं बंद करा. ते पहाटे पावणेतीनपर्यंत चालू असतं, आणि त्या वेळी घेतलेले निर्णय सकाळी चूक ठरवायचं धैर्य होत नाही.

प्रश्न : इथल्याच विजयनगरहून एक जण फोन करतो. तीन टिप्स फुकट दिल्या, तिन्ही बरोबर निघाल्या. आता २५,००० मागतो. द्यावेत का? – सुदामानगर

उत्तर : नाही. ८०० जणांना फोन करा, निम्म्यांना ‘घ्या’ सांगा, निम्म्यांना ‘विका’. बरोबर निघालेल्या ४००ना पुन्हा तसंच. तिसऱ्या फेरीनंतर १०० जण उरतात, ज्यांना तिन्ही टिप्स बरोबर मिळाल्या. त्यांपैकी एक तुम्ही असू शकता. सेबी या बाजार नियामकाच्या कितीतरी आदेशांत इंदूरचे पत्ते आहेत, हे आपल्या गावाला भूषणावह नाही. नोंदणी क्रमांक मागा (रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचनं, सल्लागाराचा आयएनएनं सुरू होतो) आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळा. नोंदणी असली तरी नफ्याची हमी कुणालाच देता येत नाही. हमीचा शब्द निघाला की फोन ठेवा.

प्रश्न : मुलगा नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करणार म्हणतो. ‘माइंडसेट तयार आहे’ म्हणतो. मी काय पाहू? – एक आई, लोकमान्यनगर

उत्तर : माइंडसेट मोजता येत नाही, खर्च येतो. घरखर्च महिना ४०,००० धरला तर वर्षाचे ४ लाख ८० हजार. भांडवल ५ लाख असेल तर फक्त पोट भरायला वर्षाला ९६ टक्के कमवावे लागतील. महिनाअखेरीस किराणा भरायचाय म्हणून घेतलेला सौदा भल्याभल्यांचा बिघडतो. किमान वर्षभराचा खर्च भांडवलाबाहेर, बँकेत हवा.

सेबीच्या २०२४च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स या मुदतीच्या करारांमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला. खर्च धरून एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. सलग दोन वर्षं तोटा होऊनही तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी सौदे चालूच ठेवले.

त्याच्याकडे स्क्रीनशॉट मागू नका. ब्रोकरकडचा पूर्ण वर्षाचा, सगळे खर्च वजा केलेला नफा-तोट्याचा अहवाल मागा. सोबत ट्रेडबुक, म्हणजे प्रत्येक सौद्याची वेळेसह नोंद. त्यातले सर्वांत मोठे पाच तोटे काढा आणि प्रत्येकाच्या आधीच्या सौद्याची वेळ पाहा. आधीचा तोटा झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत घेतलेले त्यांत तीन-चार निघाले, तर आणखी वर्षभर नोकरी सांभाळून, छोट्या रकमेवर खेळू द्या.