किट कार तापते, दिवे लावले की काटा उडतो: हेड उघडण्याआधी काय बघाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरला मामांकडून तुमच्याकडे एक जुनी, लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पद्धतीची दोन सीटची किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडलेली गाडी, आली आहे. इंजिन-गिअरबॉक्स मारुती जिप्सीचा, खाली चौकोनी पाइपची चेसिस, वर फायबरची बॉडी. शेतातल्या रस्त्यावर हळू चालवली की तापते, जरा पळवली की तापमानाचा काटा खाली येतो. दिवे लावले की तोच काटा उडी मारतो. ब्रेक पहिल्या दाबाला खाली जातो, दुसऱ्याला लागतो. आणि गॅरेजवाले म्हणतात, 'इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडावं लागेल.' घरच्या घरी काय करता येईल?

हेड उघडू देऊ नका, निदान एवढ्यात तरी नाही.

मी छत्रपती संभाजीनगरला असतो, वाळूजला फॅब्रिकेशनचं काम आहे, आणि माझ्या शेडमध्येही अशीच एक गाडी उभी आहे. किट कारचं साधं गणित असं की इंजिन कारखान्यात बनलेलं असतं आणि तसलीच हजारो इंजिनं वर्षानुवर्षं रस्त्यावर पळालेली असतात. वायरिंग, पाण्याचे पाइप, पेट्रोलची लाइन, ब्रॅकेट हे सगळं मात्र कुणीतरी सुट्टीच्या दिवशी घरी बसून जोडलेलं असतं. म्हणून बिघाड शोधायचा तो जोडांमध्ये. नेहमीच्या गॅरेजवाल्याला हे सुचत नाही, कारण त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांचं वायरिंग कंपनीचं असतं.

आधी तो उडणारा काटा घ्या. दिवे लावल्यावर पाणी एका सेकंदात तापत नाही. म्हणजे ती उडी उष्णतेची नाही, विजेची आहे. पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडी अर्थिंगचं काम करते. फायबरमधून करंट जात नाही, आणि तुमच्या चेसिसवर पावडर कोटिंग असेल तर तेही इन्सुलेशनच. मग दिवे, मीटर, पंखा सगळे मिळून एखाद्या बारीक काळ्या वायरीवरून परत जायला बघतात आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर दिसतो. हॉर्न वाजवला की दिवे मंदावणं, इंडिकेटर लावला की दुसऱ्या बाजूचाही मिणमिणणं, हे सगळे त्याच दुखण्याचे प्रकार.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. वरच्या क्लॅम्पवर नको, खुद्द खुंटीवर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. 0.5 किंवा वर गेला तर दोष सापडला असं समजा. नंतर दिवे आणि पंखा चालू करून लाल पिन चेसिसवर, मग डॅशबोर्डवरच्या मीटरच्या काळ्या वायरीवर टेकवा. जिथे आकडा वाढतो तिथला जोड खराब.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चेसिसशी जोडणारी जाड पट्टी लागतेच. ती नसेल किंवा गंजली असेल, तर सेल्फचा करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर क्लचची केबल हाताला गरम लागली, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. अशी केबल आतून भाजून पुढे अडकायला लागते आणि लोक केबलीवर केबली बदलत बसतात.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरी मायनस ते चेसिस आणि चेसिस ते इंजिन, दोन्हीकडे सेल्फच्या वायरीइतकीच जाड केबल. बोल्टच्या जागी ग्राइंडरने कोटिंग काढून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, दातेरी वायसर, घट्ट आवळणं, आणि वरून पेट्रोलियम जेली. प्रत्येक दिव्याची काळी वायर एकाच अर्थ बोल्टला आणा. फायबरमध्ये स्क्रू मारून अर्थिंग घेतलेलं दिसलं तर हसा आणि काढून टाका.

आता तापण्याचं. हळू चालवताना तापते आणि वेगात थंड होते, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि अर्धं निदान त्यातच आहे. उलटं असतं, म्हणजे वेगात तापली आणि उभी असताना ठीक राहिली असती, तर रेडिएटर क्षाराने तुंबला, वॉटर पंप थकला किंवा खालचा होज पाइप आत ओढला जातो, असं म्हटलं असतं. तुमच्याकडे पाणी फिरतंय, हवा फिरत नाही. म्हणजे पंखा. आणि पंख्याचं अर्थिंगही बहुतेक त्याच गंजक्या बोल्टावर असणार. त्याला पुरे व्होल्ट मिळत नसतील तर तो फिरताना दिसतो पण हवा ओढत नाही. पंख्याला बॅटरीवरून थेट, फ्यूज आणि रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) लावून वायर द्या. डॅशबोर्डच्या स्विचमधून पूर्ण करंट नेऊ नका.

पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर त्याने पुढून हवा ओढायला हवी. वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या पुढे धरा. पंखा चालू केल्यावर ते जाळीला चिकटलं पाहिजे. पान उडून तुमच्याकडे आलं तर वायरी उलट लागल्यात. हे वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा सापडतं.

नाकाच्या फायबरमध्ये आणि रेडिएटरमध्ये बोटभर फट असेल तर हवा जाळीतून जाण्याऐवजी तिथून निसटते. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा आणि फोमची पट्टी लावून चारी बाजू बंद करा. आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेरच 42 अंश असतात, तिथे ही फट सोडून चालत नाही. शिवाय अशा गाडीत रेडिएटर नाकात खाली आणि इंजिन वर, म्हणून हवेचा फुगा हेडमध्ये अडकतो. कूलंटची टाकी इंजिनपेक्षा उंच बसवलेली हवी. ती नसेल आणि झाकण रेडिएटरवरच असेल, तर पुढची बाजू उंच करून, इंजिन थंड असताना, सावकाश भरा.

आणि बोअरचं पाणी घालू नका. आपल्या बोअरच्या पाण्यात एवढा क्षार असतो की बादलीलाही पांढरा थर धरतो, मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होईल ते बघा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हे मामांनी सांगितलं असेलच.

हेड खरंच गेलं असेल तर ते वेगळं कळतं: थंड इंजिन, झाकण उघडं, सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलम, पाणी कमी होतंय पण गळती कुठे दिसत नाही. यातलं काही असेल तर गॅरेजवाल्याचं ऐका.

ब्रेक मात्र टाळू नका, वरचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल. पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्याला वर, म्हणजे लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रमचे शू ढिले आहेत. आधी शू अॅडजस्ट करा. मग हवा काढा, मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरू करून. एवढं करूनही पेडल स्पंजसारखं लागत असेल तर पुढच्या कॅलिपरचा (डिस्कला पकडणारा भाग) हवा काढायचा निप्पल बघा. तो वरच्या टोकाला असायला हवा. घरी जोडलेल्या गाडीत कधीकधी डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झालेली असते, निप्पल खाली येतो, आणि मग कितीही ब्रेक ऑइल ओतलं तरी हवा वरच बसून राहते. पेडलवर पाय स्थिर ठेवल्यावर ते हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले.

ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं डॉट 4 घ्या. नवं असताना ते किमान 230 अंशाला उकळतं. हवेतली ओल पिऊन जुनं झालं की ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते. म्हणून किलोमीटर न बघता दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर पेडल कडक लागेल, तो दोष नाही.

नटबोल्टांचं थोडक्यात. सस्पेन्शनला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) हवेत, एकदा काढला की नवा. आवळून झाल्यावर नट आणि ब्रॅकेट यांच्यावरून पेंट मार्करने एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. अशा चेसिसला साधारण 25 मिलिमीटरचा, 1.6 मिलिमीटर जाडीचा पाइप असतो, त्यामुळे सस्पेन्शनच्या ब्रॅकेटजवळ चिरा पडू शकतात. रंगातून गंजाची बारीक तांबडी रेघ दिसली की थांबा. फॅब्रिकेशनवाल्याकडे डाय पेनिट्रंटचे स्प्रे असतात: लाल मारायचा, पुसायचा, पांढरा मारायचा, चीर असली तर लाल होऊन वर येते. तिच्यावर नुसतं वेल्डिंग फिरवून घेऊ नका, शेजारी ती पुन्हा फुटते. चीर घासून काढून, नीट भरून, गसेट प्लेट (कोपऱ्याला आधार देणारी पट्टी) लावून घ्या. आणि गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. पाच-सहाशे किलोची गाडी हलकी फक्त कागदावर असते.

पेट्रोलचे रबरी पाइप न बघताच बदला. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) येतं आणि जुनं रबर इथेनॉलने मऊ पडून गळतं. पाइपवर एसएई जे30 आर9 असं छापलेलं बघून घ्या आणि सायलेन्सरपासून लांबून न्या. फायबरच्या गाडीला आग लागली की विझवायला फार वेळ मिळत नाही. एक किलोचा अग्निशामक सीटमागे असू द्या.

टायरवरचा चार आकडी कोड बघा: 1816 असेल तर 2016 सालचा अठरावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी एवढा जुना टायर लाकूड झालेला असतो. हवा जिप्सीच्या हिशोबाने भरू नका. जिप्सी टनाच्या आसपास, ही तिच्या निम्मी. सेव्हन जातीच्या गाड्यांना 18 ते 20 पीएसआय पुष्कळ झाली, तिथून सुरुवात करा. मामांनी 28-30 भरलेली असेल तर गाडी उडत चालते आणि दोष शॉकअपवर जातो.

एक न विचारलेलं. गाडी शेतातच चालवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदीत बदल होईल असा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. जिप्सीचं आरसी बुक दाखवून ही गाडी लातूरच्या औसा रोडला काढता येईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच विचारेल.

रविवारी मल्टिमीटरचे तीन आकडे काढा, इंजिन, चेसिस आणि मीटर, आणि सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्ट कितीवर येतो तेही बघा. ते लिहिलेत तर पंख्याच्या रिलेचं वायरिंग कागदावर काढून देतो.