ओपनजीएलमध्ये वर्तुळ कसे काढावे?

प्रश्न : महाविद्यालयात टर्बो सी वापरताना केंद्र आणि त्रिज्या दिली की एकाच आज्ञेत वर्तुळ उमटत असे. आता ओपनजीएल ही संगणकावर चित्रे काढण्याची लायब्ररी शिकताना त्रिकोण जमला; वर्तुळाची आज्ञा मात्र सापडत नाही. परिघावरचे बिंदू स्वतः काढून जोडले, तर वर्तुळ आडवे लांबट दिसते. असे का होते?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : ती आज्ञा सापडत नाही, कारण ओपनजीएलच्या गाभ्यात ती नाहीच. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये आणलेल्या या लायब्ररीत चौकोनाची वेगळी सोय होती, तीही २००९ च्या ३.१ आवृत्तीत गाभ्यातून वगळण्यात आली. भरीव आकृतीसाठी त्रिकोणच उरला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात आणि त्रिकोणाचा कोपरा कधी आत वळत नाही; चौथा बिंदू आला की या दोन्ही गोष्टींची खात्री उरत नाही आणि आतला भाग कसा भरावा, याला एकच उत्तर राहत नाही.

भरीव वर्तुळासाठी 'ट्रायअँगल फॅन', म्हणजे एका केंद्राभोवती पंख्यासारखे जोडलेले त्रिकोण, वापरावा. त्याला आधी केंद्र, मग परिघावरचे बिंदू क्रमाने आणि शेवटी परिघावरचा पहिला बिंदू पुन्हा द्यावा. तो राहून गेला तर वर्तुळाची एक फाक रिकामी राहते. साइन आणि कोसाइन फलनांना कोन अंशांत नव्हे, तर रेडियनमध्ये द्यावा लागतो.

असे वर्तुळ प्रत्यक्षात बहुभुजच असते; त्याच्या बाजू किती घ्याव्यात, हा खरा विचाराचा भाग आहे. अनेक जण सवयीने ३६० घेतात, परंतु त्याची गरज नसते. बाजूचा मध्य खऱ्या परिघापासून किती आत राहतो, ते अंतर म्हणजे १८० अंश भागिले बाजूंची संख्या या कोनाचे कोसाइन १ मधून वजा करून त्याला त्रिज्येने गुणल्यावर येणारी संख्या. त्रिज्या २०० पिक्सेल असेल, तर ३६ बाजूंना हे अंतर सुमारे ०.७६ पिक्सेल भरते आणि ४५ बाजूंना अर्ध्या पिक्सेलच्या आत येते. ५० पिक्सेल त्रिज्येला त्याच अचूकतेसाठी २३ बाजू पुरतात.

लांबटपणाचा दोष आपल्या गणिताचा नाही. वेगळे काही सांगितले नसेल, तर खिडकीच्या रुंदीवर आणि उंचीवर, दोन्हींकडे, उणे १ ते अधिक १ हाच पल्ला पसरवला जातो. ८०० × ६०० पिक्सेलच्या खिडकीत त्यामुळे आडवे एक एकक ४०० पिक्सेलचे, तर उभे ३०० पिक्सेलचे होते. जुन्या पद्धतीच्या ओपनजीएलमध्ये दृश्याच्या मर्यादा ठरवणाऱ्या जीएल-ऑर्थो या आज्ञेत डावी-उजवी मर्यादा उणे आणि अधिक ४/३, तर खालची-वरची उणे आणि अधिक १ ठेवावी. खिडकीचा आकार बदलेल तेव्हा रुंदी भागिले उंची हे गुणोत्तर नव्याने काढावे आणि खिडकीतला चित्राचा भाग ठरवणाऱ्या जीएल-व्ह्यूपोर्ट या आज्ञेलाही नवी मापे द्यावीत.