उजेड गेला म्हणजे विषाणू गेला असं नाही

चि.स अनेक आशीर्वाद.

चमकणारं जनुक घातलेल्या विषाणूवर तू औषधासाठी संयुगं तपासलीस, त्याचे आकडे पाहिले. १० मायक्रोमोलरला सिग्नल, म्हणजे उजेड, ९० टक्के पडला आणि तू 'हिट' (विषाणू थांबवणारं संयुग) लिहून मोकळी झालीस. मग ते जनुक नसलेल्या साध्या विषाणूवर तेच संयुग ढिम्म का, म्हणून गोंधळलीस. अगं, मोजलंस काय? ल्युसिफरेज, ते जनुक बनवतं ते चमकणारं एन्झाइम. विषाणू नव्हे.

फायरफ्लाय (काजव्याच्या) ल्युसिफरेजला चमकायला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, लागतं. पेशी मरगळली की एटीपी घटतं, उजेडही घटतो. संयुगानं एन्झाइमच अडवलं तरी घटतो. म्हणून तेच ल्युसिफरेज कायम बनवणाऱ्या, संसर्ग नसलेल्या पेशींवर तोच डोस तितकेच तास देऊन बघ. तिथंही अंधार पडला तर संयुग बाद. हळहळत बसू नकोस.

पेशी जिवंत आहेत का, हे तू एटीपी मोजणाऱ्या किटनं तपासलंस. त्या किटमध्येही ल्युसिफरेजच असतं! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. जिवंत पेशीत रंग बदलणारं रेझाझुरिन वापर, नाहीतर केंद्रकं रंगवून मोज. सीसी५० (निम्म्या पेशी मारणारा डोस) आणि ईसी५० (विषाणू निम्म्यावर आणणारा डोस) यांचं गुणोत्तर दहाच्या आत असेल तर मला कळवूही नकोस.

यातूनही काही संयुगं तरतात आणि विषाणू खरंच थांबवतात, पण पेशीचा पिरिमिडीन (आरएनए-डीएनएचे घटक) पुरवठा तोडून. ब्रेक्विनार त्यातलंच. माध्यमात १०० मायक्रोमोलर युरिडीन, म्हणजे तयार पिरिमिडीन, घाल. विषाणू पुन्हा उसळला तर घाव यजमान पेशीवर होता.

आणि तुझा विषाणूचा स्टॉक कितव्या पॅसेजचा, म्हणजे कितव्यांदा पेशींवर वाढवलेला? रिपोर्टर जनुक, म्हणजे ते चमकणारं, विषाणूच्या काही कामाचं नसतं, संधी मिळाली की तो ते टाकून देतो. फायरफ्लायचं ओझं सुमारे १६५० बेसचं, नॅनोल्युक या छोट्या ल्युसिफरेजचं ५१३, म्हणून दुसरं बरं. पण कायमचं तेही टिकत नाही. प्रत्येक स्टॉकवर त्या जागेचा आरटी-पीसीआर कर, म्हणजे तिथल्या तुकड्याची लांबी दिसेल. खाली आखूड पट्टा दिसला, म्हणजे जनुक गळालं, तर विषाणू जोरात वाढत असतो आणि तुझी प्लेट अंधारी. पुन्हा तेच: उजेड म्हणजे विषाणू नव्हे.

मी हे फार ताणतो, असं सगळे म्हणतात. ताणतोच. खोट्या हिटमागे रसायनवाल्यांचे महिने जातात, आणि ते परत कोणी देत नाही. हेपटायटिस सीचंच घे. १९९९ साली माइन्झला रेप्लिकॉन, म्हणजे पेशीत स्वतःची नक्कल करणारा विषाणूचा आरएनए, तयार झाला, पुढे त्याच पद्धतीच्या चाचण्यांतून डॅक्लाटासव्हिर या औषधाचा माग लागला. पण त्याचं लक्ष्य एनएस५ए हे विषाणूचं प्रथिन आहे हे सिग्नल पडल्यानं कळलं नाही, प्रतिकारक उत्परिवर्तनं तिथं सापडली म्हणून कळलं.

आता प्लेट पुन्हा लाव. ३८४ खळग्यांच्या प्लेटची बाहेरची रांग सुकते, तिथं नुसतं माध्यम भर. संयुगं विरघळवायचा डीएमएसओ कंट्रोलसकट सगळीकडे ०.५ टक्के. झेड-प्राइम (प्लेटच्या दर्जाचा आकडा) ०.५ च्या खाली गेला तर ती प्लेट टाक, सरासरी काढून वाचवू नकोस. जी संयुगं उरतील ती रिपोर्टर नसलेल्या विषाणूवर चालव आणि प्लाक, म्हणजे विषाणूनं पेशी मारून पाडलेली भोकं, मोज. ल्युसिफरेजचा आलेख नंतर पाठवलास तरी चालेल, आधी टायटर, म्हणजे जिवंत विषाणूची मोजणी, पाठव.