चौदाव्या दिवसापासून पुढे

ताई, यजमान गेल्यावर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. अवघड जातं ते चौदाव्या दिवसापासून, सगळे आपापल्या गावी परतल्यावर. आमचे हे जाऊन ७ वर्षं झाली. पहिले कित्येक महिने मी सवयीने दोन कप चहा टाकायचे आणि एक मोरीत ओतायचे.

"सावर आता, मुलांकडे बघ" असं लोक म्हणतील. हेतू वाईट नसतो, पण तुम्हाला रडू आलं तर रडा. पहिली दिवाळी, त्यांचा वाढदिवस, वर्षश्राद्ध या दिवशी एकट्या राहू नका, कुणाला तरी आधीच बोलावून ठेवा.

एक गोष्ट मला उशिरा कळली. दुःख लाटेसारखं येतं-जातं, मध्येच हसूही येतं. नैराश्यात ती उसंतच मिळत नाही. झोप उडालेली, भूक मेलेली, आपण कुणाच्याच कामाच्या नाही असं वाटणं, हे २ आठवड्यांहून जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मी 'लोक वेडी म्हणतील' म्हणून दीड वर्ष घालवलं. (म्हणालं कुणीच नाही.) गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. जगणंच नको वाटलं तर लगेच १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि कपाट रिकामं करायची घाई नको. त्यांचा एक शर्ट माझ्याकडे अजून आहे.